कार्डाची मागची बाजू

६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते. मेल करण्यात अर्थ नाही. तू महिन्यातून एकदा मेल उघडतेस आणि मलाच विचारतेस, ‘ही सगळी माणसं कोण आहेत?’

गुडघा कसा आहे? लेकीकडे आराम करतेस, की तिचीही कपाटं आवरायला घेतलीस?

इकडचं ऐक. तुला जाऊन पाच महिने झाले आणि या पाच महिन्यांत दुकानातून एकही पत्र बाहेर पडलेलं नाही. मी पेन उघडते, तेवढ्यात मागच्या खोलीतून कारागीर तळ दाखवायला येतात, आणि ते राहून जातं. गेल्या आठवड्यात नर्सबाई मुलीला घेऊन आल्या. तीच मुलगी, जिच्या डाव्या बुटात आपण दीड इंच उंची भरतो. पाय वाढला होता, बूट तोच. टाचेवर फोड येऊन फुटला होता. नर्सबाई म्हणाल्या, “दर सहा महिन्यांनी आत्यांचं पत्र यायचं, तेव्हा आम्ही यायचो. या वेळी आलं नाही, म्हटलं अजून वेळ असेल.” मी मान खाली घालून माप घेतलं. दुसरं काय करणार?

म्हणून आपण सॉफ्टवेअर घेतोय. ग्राहकांची यादी एकदा भरली, की मेल आपोआप जातात. मी तीन पाहिली, मोठा तक्ता केला. पहिलं अगदी साधं आहे. मजकूर आपण लिहायचा, तारीख सांगायची, ते पाठवतं. दुसरं जरा हुशार. कोणी मेल उघडला, कोणी नाही, ते बघतं. नाही उघडला तर तीन दिवसांनी पुन्हा पाठवतं, तरी नाही उघडला तर मोबाइलवर निरोप टाकतं. तिसरं सगळ्यात भारी. ते ग्राहकाची सगळी माहिती वाचतं आणि प्रत्येकाला वेगळं पत्र स्वतःच लिहितं. त्या कंपनीच्या बाई म्हणाल्या, “ग्राहकाला वाटलं पाहिजे, हे दुकान मला ओळखतं.”

मला वाटलं, हे तर तूच करत होतीस. तुझं मत कळव. बाबांना विचारलं तर त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं.

तुझी
चिमी

१३ फेब्रुवारी

चिमे,

नर्सबाईंच्या मुलीचं वाचून घास उतरला नाही. मी निघताना तुला म्हटलं होतं, खणातल्या लाल फितीच्या पुढची ग्राहकांची कार्डं आधी बघ. ते जाऊ दे. तुला दुकान चालवायचंय, मला फक्त पत्रं लिहायची होती.

आता तुझ्या तीन दिव्यांबद्दल.

दुसऱ्याला दारात उभंसुद्धा करू नकोस. मेल उघडला नाही तर पुन्हा पाठवणार, मग मोबाइलवर! अगं, आपल्याकडे येणारा माणूस जन्मभर लोकांच्या नजरा चुकवत चाललेला असतो. त्याने आपलं पत्र उघडलं नाही, म्हणजे आजचा दिवस त्याला पायाचा विचार करायचा नाही. बस, एवढंच. तेवढी मोकळीक त्याला द्यायची, की कडी वाजवत बसायचं?

आणि तिसरं. ‘दुकान मला ओळखतं असं वाटलं पाहिजे.’ वाटलं पाहिजे! ओळखायची गरज नाही, वाटलं की झालं! या बाईंना एकदा माझ्यासमोर बसव. मी बत्तीस वर्षं त्या काउंटरमागे बसले, ती काही कोणाला काही वाटावं म्हणून नाही.

माझं मत पहिल्याला. ते मठ्ठ आहे, पण आपण मठ्ठ आहोत हे लपवत नाही. मजकूर तू लिही, ते टपालवाल्यासारखं पोचवू दे.

आणि तुझ्या तक्त्यात आणखी एक रकाना घाल. तिघांनाही विचार, तुम्हाला गप्प बसता येतं का?

गुडघा आहे जिथल्या तिथे.

आत्या

२ मार्च

प्रिय आत्या,

तुझा रकाना खरंच घातला. पहिल्या कंपनीने उत्तर दिलं नाही. दुसरी म्हणाली, आमच्यात शांत तास असतात, रात्री दहा ते सकाळी आठ. तिसरी म्हणाली, ग्राहकाला नको असेल तर मेलच्या तळाशी बटण असतं, ते दाबलं की त्याचं नाव निघतं. आम्ही सगळे खूप हसलो.

रागावू नकोस, पण तिसरं घेतलं. पहिल्याला मजकूर मीच लिहायचा, आणि मला लिहिता येत नाही हीच तर अडचण आहे. चामडं दे, टाच दे, वाकडं पाऊल दे, मी बघते. दोन ओळी लिहायला बसले की मी बँकेची नोटीस लिहिल्यासारखं लिहिते.

टायपिंगच्या बाई ठेवून सगळी कार्डं भरून घेतली. सहाशे चाळीस कार्डं, एक अक्षर सोडलं नाही. तुझ्या जुन्या पत्रांच्या कार्बन प्रती होत्या ना माळ्यावर? त्यातली चाळीस सॉफ्टवेअरला दिली. ते तुझ्यासारखं लिहायला शिकलंय, आत्या! एक नमुना बाबांना वाचून दाखवला तर त्यांनी चष्मा पुसला. खाली सहीसुद्धा तुझीच ठेवली आहे, ‘तुमची आत्या’. लोकांना तुझीच सवय आहे. पहिला हप्ता बारा तारखेला सकाळी जाईल.

मला कळतंय, आपली जागा एखाद्या यंत्राने घेतली की वाईट वाटतं. पण नर्सबाईंच्या मुलीची टाच आठव आणि मला माफ कर.

तुझी
चिमी

८ मार्च

चिमे,

मला वाईट वाटलेलं नाही. मला राग आलाय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुझी आजी गेल्यापासून या घरात त्यांतला फरक कोणाला कळत नाही.

मी जिवंत आहे. सकाळी दोन पोळ्या खाते, भिंतीला धरून वीस पावलं चालते, पेपरातलं कोडं सोडवते. मी न लिहिलेल्या पत्राखाली माझी सही करायचा अधिकार तुला कोणी दिला? दुसऱ्या कोणी केलं असतं तर तूच त्याला चोर म्हणाली असतीस. घरातल्याने केलं की ते प्रेम!

पुढचा विचार केलास का? माझं नाव बघून माणसं उत्तरं लिहितात. गाणं शिकवणाऱ्या बाई दर पत्राला चार पानं लिहायच्या. पोस्टातले ते गृहस्थ तीनच शब्द लिहायचे, पण लिहायचे. मी प्रत्येकाला उत्तर दिलंय. आता ती उत्तरं कोण वाचणार? ते यंत्र?

माझं नाव काढ. बारा तारखेच्या आत. हे मत नाही, हे मी सांगतेय.

आत्या

१३ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र आज मिळालं. नाव काढलं आहे.

काल पहिला हप्ता गेला. थोडी गडबड झाली, पण निस्तरतेय. काळजी करण्यासारखं काही नाही. व्यायाम चुकवू नकोस.

घाईत आहे.

चिमी

१३ मार्च

चिमे,

काल दुपारपासून दुकानाचा फोन लावतेय. सारखा व्यस्त. का, ते आता कळतंय.

काल माझ्या लेकीने तिच्या मोबाइलवर मला माझा मेल दाखवला. कोणाकडून आला होता माहीत आहे? माझ्याकडून. जसाच्या तसा उतरवते:

‘नमस्कार! तुमचे गुडघे दुखतात पण तुम्ही ते सांगत नाही, हे आम्ही जाणतो. तुम्हाला जिने चढायला लावू नये, हेही आमच्या लक्षात आहे. चला, नव्या बुटांसह नवी उमेद! तुमची आत्या.’

लेक हसत होती. मी तिच्या हातून मोबाइल घेऊन ते पुन्हा वाचलं.

बुटांसाठी माझंही एक कार्ड त्या खणात आहे. पुढच्या बाजूला शाईने मापं आहेत, ती मीच लिहिली. मागच्या बाजूला मी कधी पाहिलं नव्हतं, कारण स्वतःच्या कार्डाच्या मागे कोण बघतं? गुडघ्यांचं हे दादाने लिहिलं असणार, तुझ्या बाबांनी. आणि लिहिलं असेल ते पेन्सिलीने. आमच्या दुकानात कार्डाच्या मागे पेन्सिलीने जे लिहितात, ते त्या माणसासमोर बोलायचं नसतं. ‘बोलू नये’ असं आम्ही कधी लिहिलं नाही. पेन्सिल म्हणजेच ते. दादाला ठाऊक, मला ठाऊक, कारागिरांना ठाऊक.

तू मागच्या बाजूही टाइप करून घेतल्यास. एक अक्षर सोडलं नाही म्हणालीस, तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी आपल्या सहीसाठी भांडत बसले.

किती जणांना गेलं? हे सगळं सोड, आधी एवढंच सांग. एकशे अठरा नंबरला गेलं का? टाळीला?

मला फोन कर. नाही केलास तर मी लेकीला सांगून गाडीत बसते आणि येते, गुडघ्यासकट.

आत्या

१८ मार्च

प्रिय आत्या,

फोनवर मी नुसती रडले, म्हणून आता नीट लिहिते.

दोनशे बारा जणांना गेलं. सव्वाअकराला गाणं शिकवणाऱ्या बाई दुकानात आल्या तेव्हा मला कळलं. त्यांनी मेल छापून आणला होता. ‘नवरा सोडून गेला, पण आमचे बूट तुमची साथ सोडणार नाहीत.’ त्यांनी तो कागद काउंटरवर ठेवला, त्यावर आपल्या बुटांची जोडी ठेवली आणि मोज्यांवर निघून गेल्या. फुटपाथवरून, आत्या. नुसत्या मोज्यांवर. मी मागे धावले तर म्हणाल्या, “तुम्ही माझ्याबद्दल आणखी काय काय लिहून ठेवलंय?” पोस्टातल्या गृहस्थांचा मेल ऑफिसच्या पत्त्यावर गेला. त्यांचा एक पाय खोटा आहे हे त्यांच्या टेबलावरच्या कोणालाही माहीत नव्हतं. आता आहे.

मी वायर ओढून कॉम्प्युटर बंद केला. तरी मेल जातच होते. ते आपल्या कॉम्प्युटरवरून जात नसतात, हे मला त्या दिवशी कळलं. कंपनीने थांबवायला पाऊण तास घेतला.

टाळीला गेला. नऊ वाजून चार मिनिटांनी. ‘गाडी वडील चालवत होते हे तुला माहीत नाही, पण आम्हाला तू माहीत आहेस! सहा महिने झाले, माप द्यायला ये. तुझी आत्या.’

तिने नऊ वाजून सहा मिनिटांनी उत्तर लिहिलं. त्या पत्त्यावर आलेली उत्तरं कोणी वाचत नाही, तसं तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मी कंपनीकडून ते काढून घेतलं. एकच ओळ आहे. ‘आत्या, हे खरं आहे का?’

आणि आता ऐक. काल कंपनीच्या बाईंचा मेल आला. अभिनंदनाचा! आमच्या मेलना त्यांच्या सगळ्या ग्राहकांत सर्वाधिक प्रतिसाद मिळाला म्हणे. इतके लोक पहिल्या तासात कधीच मेल उघडत नाहीत, इतके लोक उत्तर द्यायला कधीच धडपडत नाहीत. आमची यशोगाथा त्यांना त्यांच्या वेबसाइटवर घालायची आहे, माझा हसरा फोटो हवाय. मी फोन करून काय बोलले ते लिहीत नाही. कारागीर मागच्या खोलीतून बाहेर आले आणि माझ्या हातून फोन काढून घेतला, एवढं सांगते. बाई मात्र शांतच होत्या. म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही जे दिलंत तेच त्याने वापरलं.”

खरंय. मी दिलं. पण आत्या, मीसुद्धा चिडले आहे, आणि फक्त त्या बाईंवर नाही. पेन्सिल म्हणजे बोलायचं नाही, हे मला कोणी सांगितलं होतं? तू मला डोळे मिटून चामडं ओळखायला शिकवलंस. तळव्यावरून हात फिरवून माणूस कुठे दुखतंय ते शोधायला शिकवलंस. हे नाही शिकवलंस. सगळ्यांना ठाऊक म्हणतेस, त्या सगळ्यांत मी नव्हते. आणि अशी गोष्ट तू लिहिलीसच कशाला? डोक्यात ठेवता आली नसती?

बाबांना तुझ्या कार्डाबद्दल विचारलं. म्हणाले, “तोंडावर बोललो असतो तर भांडली असती.”

चिमी

२४ मार्च

चिमे,

तुझं पत्र चारदा वाचलं. पहिल्यांदा तुझा राग आला, दुसऱ्यांदा त्या कंपनीच्या बाईंचा, तिसऱ्यांदा मोज्यांवर चालत गेलेल्या माझ्या गाण्याच्या बाई दिसल्या आणि पुढचं दिसेना. चौथ्यांदा वाचलं तेव्हा उरले मीच.

कशाला लिहिलं, विचारतेस. सांगते. तू तेव्हा शाळेतही जात नव्हतीस. एक बाई यायच्या, त्यांचा मुलगा गेला होता. मला त्यांनी स्वतः सांगितलं होतं, माझा हात धरून. वर्षाने आल्या तेव्हा मी बुटाची नाडी बांधताना हसत विचारलं, “मुलगा काय म्हणतो?” त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला आठवलं. त्या दिवशी मी पेन्सिल घेतली. मी विसरणारी बाई आहे, चिमे. लोकांना वाटतं आत्या सगळं लक्षात ठेवते. आत्या सगळं लिहून ठेवत होती. पेन्सिल अशासाठी, की कधीतरी खोडता येईल. एवढ्या वर्षांत एक ओळ खोडली नाही मी.

तुला सांगितलं नाही, ते चुकलंच. तू याच दुकानात रांगलीस, म्हणून मी धरून चालले की तुला ठाऊक असणार.

टाळीचं तुला पूर्ण सांगायला हवं. तीन वर्षांची होती. तिच्या बापाने गाडी मागे घेताना चाक तिच्या पायावरून गेलं. पहिला बूट घातला तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या, म्हणून टाळी. मुलीला सांगितलेलं की एक ट्रकवाला होता, तो पळून गेला. आईने मला खरं सांगितलं, ‘चुकून तोंडातून जाऊ देऊ नका,’ म्हणाली. सोळा वर्षं दर सहा महिन्यांनी बाप तिला बसने घेऊन येतो. त्याने पुन्हा गाडीला हात लावला नाही. आणि दुकानात तो कधी बसत नाही, आठवतं? दारापाशी उभा. माझ्या समोर ती त्या ट्रकवाल्याला शिव्या घालायची, आणि मी मापाची पट्टी गुंडाळायची.

तिला मी पत्र लिहिलं, फाडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. शेवटी एका ओळीला एकच ओळ पाठवली: ‘हो, खरं आहे, आणि मला माहीत होतं.’ सही माझी, हाताने.

तू तिच्या घरी जाऊ नकोस, फोन करू नकोस. माफी मागायची घाई आपल्याला असते, ऐकायची घाई समोरच्याला नसते. दार उघडं ठेव.

टाळी आणि मी सोडून बाकीच्या दोनशे दहा जणांना तू लिही. हाताने. बँकेच्या नोटिशीसारखं झालं तरी चालेल. आणि खाली तुझी सही.

आत्या

११ एप्रिल

प्रिय आत्या,

एकशे त्र्याण्णव पत्रं झाली. अंगठ्याला घट्टा पडलाय. ते यंत्र बंद केलं, तुझं मठ्ठ घेतलं. त्यात एकच मजकूर आहे, ‘माप घ्यायची वेळ झाली’, खाली माझं नाव आणि दुकानाचा फोन, जो मी उचलते. गाण्याच्या बाई अजून आलेल्या नाहीत. त्यांची जोडी पॉलिश करून ठेवली आहे.

काल टाळी आली. एकटी, पहिल्यांदाच. दारातच म्हणाली, “आत्या कुठे आहेत?”

“लेकीकडे असते आता. दुसऱ्या गावी.”

“मग तो मेल कोणी पाठवला?”

यंत्राने, असं माझ्या तोंडावर आलं होतं. आत्या, ते बोलायला किती सोपं होतं! मी म्हणाले, “मी.”

ती बाकावर बसली. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं. “घरात आईला माहीत, आजीला माहीत. तुमच्या दुकानाला माहीत. तुमच्या कॉम्प्युटरलाही माहीत. जिचा पाय आहे तिला सोडून सगळ्यांना माहीत!” मग म्हणाली, “लहानपणी मी तो ट्रक काढायचे. वहीच्या वह्या भरल्या. निळा ट्रक, त्याला शिंगं. रंग संपले की बाबा आणून द्यायचे.”

मागच्या खोलीत ठोकणं थांबलं होतं. बाबांनी कानातलं यंत्र या वेळी काढलं नाही.

तिने कार्ड मागितलं. मी दिलं. तिने आधी पुढची बाजू वाचली, बोट फिरवत, सोळा वर्षांची मापं, तुझ्या अक्षरात. मग मागे. मी खोडरबर पुढे केलं. मला वाटलं, तिला तेच हवं असेल.

“खोडू नका,” ती एकदम ओरडलीच. “खोडलं की पुन्हा लपवल्यासारखं होईल.” माझ्या हातातून पेन घेतलं आणि पेन्सिलीच्या ओळीखाली शाईने लिहिलं, ‘आता माहीत आहे.’ खाली तारीख घातली, तू घालायचीस तशी.

मग पाय पुढे केला. “माप घ्या. टाच झिजलीय. राग आला म्हणून चालायचं काही थांबत नाही.”

मी माप दोनदा घेतलं, तिने पाय हलवला नाही. निघताना म्हणाली, “मी बाबांशी अजून बोलत नाही. पण बूट न्यायला त्यांनाच पाठवीन.” दाराबाहेर गेली आणि परत वळली. “त्यांना उभं ठेवू नका.”

तुझी
चिमी

१७ एप्रिल

चिमे,

सोळा वर्षांतली पहिली दोन वर्षं मी टाळीच्या बाबांना खुर्ची देत होते. “असंच बरं आहे,” म्हणायचे. मग मी म्हणायचंच सोडलं. वाटायचं, किती समजूतदार मी! गुपित पोटात ठेवलं म्हणजे मोठं काम केलं असं मला वाटत होतं. तो शिंगवाला ट्रक त्या घराने एकट्याने बनवला नाही, त्याचं एक चाक माझंही आहे. त्या सॉफ्टवेअरच्या बाईंवरचा माझा राग तसूभर कमी झालेला नाही. त्यांना सांग, हसरा फोटो हवा असेल तर माझ्याकडे यावं. पण त्यांनी उघडं पाडलं ते मी लपवलेलं होतं, हे मला विसरता येत नाही, आणि या वेळी लिहून ठेवायचीही गरज नाही.

टाळीच्या बाबांना बाक देऊ नकोस. काउंटरमागची माझी खुर्ची दे, हात असलेली. डावा पाय जरा डुगडुगतो, खाली चामड्याचा तुकडा सरकव.

नर्सबाईंच्या मुलीची टाच कशी आहे ते कळव. आणि दादाला सांग, गुडघे दुखतात. बघू दे, भांडते का.

तुझी आत्या

२६ एप्रिल

प्रिय आत्या,

टाच भरली. बाबांना तुझा निरोप दिला, ते दिवसभर गुणगुणत होते.

काल ते आले, टाळीचे बाबा. नेहमीच्या जागी उभे राहिले, दाराच्या आत दोन पावलं, हातात बसचं तिकीट. केस सगळे पांढरे झालेत, की मीच नीट बघितलं नव्हतं, कोण जाणे. मी बूट कागदात गुंडाळले, त्यांनी हात पुढे केला. मी बूट दिले नाहीत. तुझी खुर्ची काउंटरला वळसा घालून पुढे आणली, खाली चामडं सरकवलं, हाताने दाबून बघितलं.

“बसा.”

“नको. असंच बरं आहे.”

“बसा ना.”

“सवय नाही हो,” ते म्हणाले, आणि दाराकडे बघायला लागले.

तेव्हा मी सांगितलं, “टाळीने सांगितलंय. तुम्हाला उभं ठेवायचं नाही, म्हणाली.”

ते वळले. “तिने सांगितलं?”

“हो.”

“तिने स्वतः?”

मी मान हलवली. त्यांनी खुर्चीच्या हातावर हात ठेवला, तिकीट खिशात घातलं, आणि बसले.

तुझी
चिमी